सुकाणू कोण धरणार?

समुद्रप्रवासाची कल्पना आपण घरी बसून करतो तेव्हा फुगलेली शिडे, निळे पाणी आणि दूरवरचा किनारा एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. सुकाणूपाशी बसलेला माणूस त्या चित्रात असतो खरा. पण तो तेथे किती तास बसला आहे, त्याची झोप केव्हा झाली, त्याच्या जागी दुसरा कोण येणार, हे प्रश्न आपल्या मनाला शिवत नाहीत. ज्यांनी लांबचा पल्ला मारलेला असतो त्यांना मात्र हेच प्रश्न आधी सुचतात. मोटार रस्त्याच्या कडेला उभी करून चालकाला डुलकी घेता येते. खोल समुद्रात नांगर तळाला पोहोचत नाही आणि रात्र झाली म्हणून वारा विसावत नाही. नौका चालू आहे तोवर सुकाणूवर कोणाचा तरी हात हवाच.

हा विषय या महिन्यात घेण्यास कारण झाले ते गोव्याच्या एका वाचकभगिनींचे पत्र. त्यांचे यजमान नोकरीतून निवृत्त झाले असून उभयतांनी छत्तीस फुटांची एक जुनी शिडाची नौका विकत घेतली आहे. येत्या हिवाळ्यात मुरगावहून कोचीपर्यंत जाण्याचा त्यांचा बेत आहे. नौकेवर माणसे दोनच. सुकाणूसाठी ऑटोपायलट बसवावा हे ठरले. पण तीन विक्रेत्यांनी तीन तऱ्हेची यंत्रे सुचविली आणि त्यांच्या किमतींत पुष्कळ अंतर आहे. यजमान खाली झोपलेले असताना, मध्यरात्री आपण वर एकट्या असताना, हे यंत्र दगा देणार नाही ना, अशी बाईंची मुख्य चिंता आहे. ही चिंता आम्हांला अगदी रास्त वाटते आणि निवडीचा सगळा विचार तिच्यापासूनच सुरू व्हावा असे आमचे मत आहे. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनीही हे पान उलटून पुढे जाऊ नये. यंत्र घेताना कशाकडे पाहावे, याची जी रीत येथे लागते, ती विहिरीवरच्या पंपालाही लागते.

प्रथम प्रवासाचा हिशेब मांडू. मुरगाव ते कोची हे अंतर समुद्रमार्गाने सुमारे साडेतीनशे सागरी मैल आहे. छत्तीस फुटी नौका ताशी सरासरी पाच सागरी मैल गेली, तर या पल्ल्याला सत्तर तास लागतात. म्हणजे तीन दिवस आणि तीन रात्री. दोघांनी चार-चार तासांच्या पाळ्या लावल्या, तर प्रत्येकाला पस्तीस तास सुकाणूवर बसावे लागेल. उरलेल्या वेळात स्वयंपाक, शिडांची ओढाताण, नकाशा, होकायंत्र आणि जमली तर झोप. तरुण खलाशाला हे साधते. साठी ओलांडलेल्या दांपत्याला दुसऱ्याच रात्री डोळे उघडे ठेवणे अवघड होईल. आणि समुद्रावरचे पुष्कळसे अपघात थकलेल्या माणसाच्या चुकीतून घडतात. ऑटोपायलट ही चैनीची वस्तू नसून तो नौकेवरचा तिसरा माणूस आहे, असे समजूनच त्याची निवड केली पाहिजे.

माणसाने हा तिसरा माणूस शोधण्याचा खटाटोप फार पूर्वीपासून चालविला आहे. जोशुआ स्लोकम हा १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' नावाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष. त्याच्याजवळ कोणतेही यंत्र नव्हते. शिडांचा तोल असा काही साधायचा की, सुकाणूचे चाक दोरीने बांधून ठेवले तरी नौका आपल्या मार्गावर राहावी, ही त्याची युक्ती. पुढे १९६० साली अटलांटिक महासागर एकेकट्याने पार करण्याची शर्यत झाली. तीत पहिला आलेला फ्रान्सिस चिचेस्टर आणि दुसरा आलेला ब्लाँडी हॅस्लर या दोघांच्याही नौकांवर वाऱ्याच्या दिशेवर चालणारी, विजेविना काम करणारी सुकाणूयंत्रे होती. मोठ्या जहाजांवरील स्वयंचलित सुकाणूचा शास्त्रीय पाया त्याच्याही आधी, १९२२ मध्ये, निकोलस मिनोर्स्की यांनी एका लेखात घातला होता. तरबेज सुकाणूधारी केवळ आत्ताची चूक पाहत नाही. ती चूक किती वेळ साचत आली आहे आणि किती वेगाने वाढत आहे, हेही तो जोखतो, हे त्यांनी हेरले आणि गणितात उतरविले. आजच्या प्रत्येक ऑटोपायलटच्या मेंदूत त्या गणिताचा वंशज बसलेला आहे.

मेंदू म्हटला की हात आलाच. ऑटोपायलटचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिला, दिशा ओळखणारे होकायंत्र व नौकेचे हेलकावे मोजणारी यंत्रणा, हे त्याचे डोळे. दुसरा, किती वळावे हे ठरविणारा संगणक, हा मेंदू. तिसरा, प्रत्यक्ष सुकाणू ढकलणारा वा ओढणारा भाग. त्याला ॲक्च्युएटर म्हणतात आणि आपण त्याला यांत्रिक हात म्हणू. दुकानात गेल्यावर गिऱ्हाइकाच्या नजरेत भरतो तो रंगीत पडदा आणि त्यावरची बटणे. यांत्रिक हात खोक्यात, कोपऱ्यात पडलेला असतो आणि पुढे नौकेवरही तो मागच्या अंधाऱ्या कप्प्यात, फळीखाली दडलेला असतो. तरी पैशाची ओढाताण असेल, तर पडदा साधा घ्यावा आणि हात दणकट घ्यावा. कारण मेंदू कितीही शहाणा असला, तरी त्याने सांगितलेले काम हाताला पेलले नाही, तर त्या शहाणपणाचा उपयोग शून्य.

या हाताला किती बळ लागते, हे अंदाजाने न सांगता मोजून पाहू. छत्तीस फुटी नौकेच्या सुकाणूच्या पात्याचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरू. नौका ताशी सात सागरी मैल वेगाने चालली असताना सुकाणू जोराने वळविले, तर पात्यावर पाण्याचा दाब सुमारे पाचशे किलो वजनाइतका येऊ शकतो. हा दाब सुकाणूच्या उभ्या कण्याच्या मागे दहा सेंटिमीटरवर पडतो असे मानले आणि यांत्रिक हात ज्या आडव्या भुजेला जोडायचा ती भुजा पंचवीस सेंटिमीटर लांब असली, तर हाताला सुमारे दोनशे किलोचा जोर लावावा लागेल. आता पात्याची घडण बदलली आणि दाबाचा मध्य कण्यापासून वीस सेंटिमीटर मागे गेला, की तोच आकडा चारशे किलो होतो. काही नौकांच्या सुकाणूचे थोडे पाते कण्याच्या पुढेही असते. पुढचा दाब मागच्या दाबाला तोलून धरतो आणि असे सुकाणू एका बोटाने फिरते. ज्यांचे सगळे पाते कण्याच्या मागे असते, अशा जुन्या धाटणीच्या सुकाणूंना मात्र मनगटाचे बळ लागते. म्हणून दोन नौका लांबीने सारख्या असल्या, तरी त्यांना लागणारा हात सारखा नसतो. नौकेची लांबी विचारून जो विक्रेता यंत्र सुचवितो, त्याने निम्मेच विचारले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट वेगाची. पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी पाचावरून सातावर गेला, की दाब जवळजवळ दुप्पट होतो. आणि मागून आलेल्या मोठ्या लाटेवर स्वार होऊन नौका क्षणभर दहाच्या वेगाने धावली, तर पाचाच्या वेगावर होता त्याच्या चौपट. आमच्या वाचकभगिनींच्या मार्गावर हेच घडण्याचा संभव अधिक. हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर दुपारनंतर बहुधा वायव्येकडून वारा सुटतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या नौकेला तो मागच्या अंगाने मिळतो. वारा मागून आला म्हणजे प्रवास सुखाचा, असे किनाऱ्यावरच्या माणसाला वाटते; पण तिरकस मागून येणारी लाट नौकेचा मागचा भाग उचलून बाजूला फेकू पाहते आणि सुकाणूची खरी कसोटी तेथेच लागते. बंदरातल्या शांत पाण्यात जे यंत्र मऊ चालते, त्याच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता त्या तीन यंत्रांकडे वळू. त्याआधी, ज्यांच्या नौका लहान आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य. ज्या नौकेला चाक नसून सुकाणूचा लाकडी दांडाच असतो, तिच्यासाठी दांड्याला अडकवायची एक सुटसुटीत नळी मिळते. तिचा जोर साठ-ऐंशी किलोंच्या आसपास असतो आणि तीन ते साडेचार टनांपर्यंतच्या नौकेला ती चालते. ती उघड्यावर राहत असल्यामुळे पाणी शिरून बिघडते. पण स्वस्त असते, काढून घरी नेता येते आणि दुसरी जवळ बाळगता येते.

चाकाच्या नौकेसाठी पहिला पर्याय चाकावरच बसणाऱ्या यंत्राचा. चाकाच्या दांड्यांना एक कडे बसवितात. त्यातली लहान मोटर पट्ट्याच्या वा दात्यांच्या साहाय्याने चाक फिरविते. हे सर्वांत स्वस्त, घरच्या घरी बसविता येणारे आणि डोळ्यांसमोर राहणारे. परंतु याच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्या. एक, त्याचे पुष्कळसे भाग प्लास्टिकचे असतात आणि साडेसात टनांच्या पलीकडे ते नेऊ नये असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. हे यंत्र चाक फिरविते. चाकापासून सुकाणूपर्यंत साखळी, तारा आणि कप्प्या असतात. त्यांतली एक तार तुटली, तर माणसाचा हात आणि यंत्राचा हात दोन्ही एकाच क्षणी निकामी होतात.

दुसरा पर्याय फळीखाली बसणाऱ्या विद्युत दंडाचा. यात मोटर दात्यांच्या चाकांतून एक आटे असलेला दांडा फिरविते आणि दंड पुढे-मागे सरकतो. त्याचे एक टोक नौकेच्या अंगाला पक्के केलेले असते, दुसरे सुकाणूच्या कण्यावर बसविलेल्या स्वतंत्र भुजेला. मधे एक क्लच असतो. ऑटोपायलट बंद करताच तो सुटतो आणि चाक हाताने मोकळे फिरते. या जातीचे लहान यंत्र सुमारे तीनशे किलोचा, मोठे सुमारे पावणेपाचशे किलोचा जोर लावते. त्याचा मोठा गुण असा की, ते तारांच्या वाटेला जातच नाही. उद्या चाकाची तार तुटली, तरी यांत्रिक हात कण्याला धरून असतो आणि नौका घरी आणतो. मध्यरात्री एकट्या जागणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या एका गुणाची किंमत फार मोठी आहे.

तिसरा पर्याय तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दंडाचा. पंप तेल रेटतो, नळकांड्यातला दट्ट्या सरकतो आणि सुकाणू वळते. याचे बळ सर्वांत अधिक. हजार किलोंच्या वर जोर लावणारी यंत्रेही मिळतात. लाटेचा जबर तडाखा बसला, तर जादा दाब सोडून देणारी झडप यंत्राला वाचविते. मोठ्या व जड नौकांना हाच योग्य. पण तो वजनाने व किमतीने भारी, वीज अधिक खाणारा, तेलाच्या गळतीवर सतत डोळा ठेवावा लागणारा. आणि हाताने सुकाणू धरले असतानाही दट्ट्याला मागे-पुढे रेटावे लागत असल्यामुळे चाक किंचित जड लागते. यांखेरीज, कण्यापाशी जागाच नसेल, तर साखळीने चाकाचा आस फिरविणारी मोटरही मिळते. तिच्या वाट्याला मात्र तारांचे ते जुने दुखणे पुन्हा येते.

या तिघांतून निवड करताना पहिला प्रश्न वजनाचा. येथे पुष्कळ जण फसतात. माहितीपत्रकात नौकेचे जे वजन छापलेले असते, ते रिकाम्या नौकेचे. तीत पाणी, डिझेल, नांगराची साखळी, भांडीकुंडी, पुस्तके, धान्य आणि माणसे चढली, की वजन सुमारे वीस टक्क्यांनी वाढते. छत्तीस फुटी नौका कागदावर साडेसहा टनांची असेल, तर प्रत्यक्ष समुद्रावर ती पावणेआठ टनांची भरते. साडेसात टनांची मर्यादा असलेले चाकावरचे यंत्र कागदावर बसते आणि पाण्यावर बसत नाही. अकरा टनांपर्यंत चालणारा लहान विद्युत दंड मात्र पुरेसा राखीव जोर बाळगून काम करतो. यंत्राने आयुष्यभर आपल्या ताकदीच्या टोकावर काम करू नये. संसारात जशी चार पैशांची शिल्लक हवी, तशी यंत्रातही हवी.

दुसरा प्रश्न चपळाईचा. जोर पुष्कळ पण हालचाल मंद, असा हात मागच्या लाटेपुढे हरतो. नौका वळून गेल्यावर तो सुकाणू फिरवितो. नंतर ते परत आणायला उशीर करतो आणि नौका सापासारखी चालू लागते. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा ते पंधरा सेकंदांत जावे. येथे भुजेच्या लांबीचा हिशेब येतो. भुजा लांब केली, तर जोर वाढतो पण सुकाणू हळू फिरते; आखूड केली, तर उलट होते. दंडाची एकूण धाव तीस सेंटिमीटर आणि भुजा पंचवीस सेंटिमीटर असेल, तर सुकाणू प्रत्येक बाजूला सुमारे सदतीस अंशांपर्यंत वळू शकते. म्हणूनच पंचवीस सेंटिमीटरची भुजा सर्रास आढळते. उत्पादकाने सांगितलेली लांबी बदलण्याचा मोह कारागिराला होतो; तो होऊ देऊ नये.

तिसरा प्रश्न बैठकीचा, आणि आमच्या मते निम्मे अपयश येथे दडलेले असते. तीनशे किलोचा जोर सुकाणूवर पडतो तेव्हा तेवढाच जोर उलट दिशेने नौकेच्या अंगावरही पडतो, तोही मिनिटाला कित्येकदा, दिवसेंदिवस. ज्या फळीला किंवा आडव्या भिंतीला दंडाचे बूड बसवायचे, ती फायबरग्लासचे जादा थर देऊन मजबूत करावी, मागे धातूची पट्टी द्यावी आणि बोल्ट आरपार घालावेत. लाकडात पिळलेले स्क्रू येथे कामाचे नाहीत. तारा ज्या पंखाकृती चाकावर गुंडाळतात, त्यालाच यांत्रिक हात जोडून पैसे वाचवू नयेत. ते चाक त्या भारासाठी घडविलेले नसते. कण्यावर स्वतंत्र भुजाच हवी. आणि सुकाणू टोकाला पोहोचल्यावर त्याला अडविणारे भक्कम थांबे नौकेत असलेच पाहिजेत. ते नसतील, तर प्रत्येक वेळी दंडच आपल्या शेवटच्या टोकावर आदळेल आणि एके दिवशी आतून मोडेल.

चौथा प्रश्न विजेचा. लहान विद्युत दंडाला बारा व्होल्टवर सरासरी दोन-तीन अँपिअर लागतात. समुद्र खवळला, की चार. चार अँपिअरने चोवीस तास चालला, तर शहाण्णव अँपिअर-तास खर्च होतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये हा नियम पाळायचा, तर एका दिवसासाठी दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी लागते. दिवे आणि रेडिओ वेगळेच. दोनशे वॅटचा सौर तक्ता गोव्याच्या हिवाळी उन्हात दिवसाला साठ अँपिअर-तासांच्या आसपास भर घालील. उरलेली तूट इंजिन चालवून भरावी लागेल. शिवाय बॅटरीपासून नौकेच्या शेपटापर्यंत जाणारी तार जाड असावी. बारीक तारेत व्होल्ट गळतात आणि तीनशे किलोचा हात ऐन वेळी अडीचशेचाच ठरतो. या यंत्राचा आवाजही लक्षात घ्यावा. ते बहुधा मागच्या शय्येखाली असते; ज्याच्या झोपेसाठी एवढा खटाटोप, त्याच्याच उशाशी रात्रभर घरघर नको. ज्या नौकेवर तसे यंत्र आहे तिच्यावर एकदा आडवे होऊन ऐकावे आणि मगच ठरवावे.

विजेची भूक ज्यांना परवडत नाही, अशा लांबच्या प्रवाशांसाठी वाऱ्यावर चालणारे जुने यंत्र अजूनही मानाने टिकून आहे. वारा जितका वाढतो तितके त्याचे बळ वाढते आणि ते अँपिअर मागत नाही. मात्र ते होकायंत्र पाळत नाही, वाऱ्याशी कोन पाळते; वारा फिरला की नौकाही फिरते. तेही मोडते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला, ती त्याची बत्तीस फुटी 'सुहैली' ही मुंबईत बांधलेली नौका. तिचे वायुयंत्र ऑस्ट्रेलियाच्या परिसरात कायमचे निकामी झाले. उरलेला निम्म्याहून अधिक प्रवास त्याने शिडांचा तोल साधून, स्लोकमच्याच रीतीने, पुरा केला आणि ३१२ दिवसांनी तो फाल्मथला परतला. याच 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात 'थुरिया' बांधली गेली आणि २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी तिच्यातून उतरले. त्या शर्यतीत विजेच्या ऑटोपायलटला मुळी परवानगीच नसते.

गोव्याचे नाव निघालेच आहे, तर दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेल्या 'म्हादेई'चाही उल्लेख करू. खानापूरच्या रानात उगम पावून गोव्यात मांडवी होणाऱ्या नदीचे नाव धारण करणाऱ्या या छप्पन्न फुटी नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय. तिचीच बहीण 'तारिणी' २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन प्रदक्षिणेला निघाली. परतीच्या अखेरच्या टप्प्यात, एप्रिल २०१८ मध्ये, तिच्या सुकाणूयंत्रणेत बिघाड झाल्यामुळे तिला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबावे लागले. दुरुस्ती करून ती मे महिन्यात सुखरूप गोव्यास आली. उत्तम नौका, तयारीचे दर्यावर्दी आणि पाठीशी नौदल असतानाही सुकाणू रुसू शकते, हे यावरून कळते. म्हणून यंत्र मोडणारच नाही या विश्वासावर न निघता, मोडले तर काय, याचे उत्तर बरोबर घेऊन निघावे.

ते उत्तर असे. सुकाणूच्या कण्याला वरून बसणारा आपत्कालीन दांडा नौकेवर असावा आणि तो बंदरात बसवून, त्याने नौका वळवून पाहिलेली असावी. पुष्कळ नौकांवर तो गंज चढून कप्प्याच्या तळाशी पडलेला असतो. यांत्रिक हात अडकला, तर त्याची भुजेवरची खीळ काढून सुकाणू मोकळे कसे करावे, हे दोघांनाही, डोळे मिटून, यावे. दोघांनाही, हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला. पुष्कळ घरांत यंत्राची माहिती यजमानांच्याच डोक्यात असते; येथे तेच गाढ झोपेत असतील. खीळ, फ्यूज, पट्टा आणि जादा बोल्ट एका डब्यात, डब्यावर नाव लिहून, हाताशी ठेवावे. आणि यंत्रावरचा भार हलका करण्याचा सोपा उपाय विसरू नये. वारा वाढला, की शीड वेळीच आखडावे. चाक हाताला जड लागू लागले, तर ते यंत्रालाही जड लागत असते. ते बोलून दाखवीत नाही, एवढेच.

आणखी दोन गोष्टी, ज्या विक्रेता सांगणार नाही. ऑटोपायलट सुकाणू धरतो, पण तो पाहत नाही. समोरची मच्छीमार होडी, पाण्यावरची जाळी वा मालवाहू जहाज त्याला दिसत नाही. आपल्या किनाऱ्यावर रात्री मासेमारीचे दिवे किती असतात, हे गोवेकरांना सांगायला नको. डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवावी, असा टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम आहे आणि तो यंत्र चालू असतानाही लागू असतो. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. माणूस पाण्यात पडला, तर ऑटोपायलट थांबत नाही; ठरलेल्या दिशेने तो नौका इमानाने पुढे नेतो. ताशी पाच सागरी मैल वेगाची नौका एका मिनिटात दीडशे मीटर दूर जाते. तेव्हा रात्री एकट्याने वर असताना कमरेची दोरी नौकेला बांधलेलीच असावी. कितीही उकडत असो, कितीही शांत वारा असो, यात सवलत नाही.

एकंदरीत आमचा कौल असा. आमच्या वाचकभगिनींच्या नौकेसाठी चाकावरचे यंत्र अपुरे आणि तेलाचा दंड गरजेपेक्षा अधिक. फळीखालचा लहान विद्युत दंड, कण्यावर स्वतंत्र भुजा आणि मजबूत बैठक, ही जोडी त्यांनी घ्यावी. घेण्यापूर्वी मात्र एक परीक्षा करावी. चांगल्या वाऱ्यात, नौका सात मैलांच्या वेगाने चालली असताना, बाईंनी स्वतः चाक धरून पाहावे. चाक दोन्ही हातांनी, अंग टाकून वळवावे लागले, तर सुकाणूच्या पात्याची घडण तपासून घ्यावी आणि त्याच जातीचे मोठे यंत्र निवडावे. किमतीत जो फरक पडेल, तो पडद्याचा आकार लहान करून भरून काढता येईल. यंत्र बसल्यावर कोचीला एकदम निघू नये. आधी मुरगावबाहेर एक दिवस, मग कारवारपर्यंत एक रात्र, आणि त्या रात्री निम्मा वेळ यंत्र मुद्दाम बंद ठेवून हाताने नौका चालवावी. त्या रात्री जे उणे दिसेल ते दुरुस्त करून मग दक्षिणेची वाट धरावी. प्रवास सुखाचा होवो, आणि कोचीहून त्यांनी आम्हांला चार ओळी अवश्य लिहाव्यात.